हळदीच्या मांडवात बेस गिटार बुडते कुठे?

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या कसारा लोकलने वाशिंदला उतरलं की स्टेशनातूनच कुठल्या तरी गावची हळद ऐकू येते. आधी पोचतो ऑक्टोपॅडचा ठोका, त्यामागून बेंजो नाहीतर कीबोर्डचा सूर, मग गाणाऱ्याचा आवाज. जवळ जावं तर मांडवात बेस गिटारवालाही असतो. खांद्याला चार तारांची गिटार, पायाशी एक काळा खोका. मान खाली घालून तो मनापासून वाजवत असतो, आणि खोक्याला टेकून बसलेली दोन पोरं सोडली तर त्याचं वाजवणं कुणालाही ऐकू जात नसतं.

त्या जागी मीही बरीच वर्षं उभा राहिलो आहे. दर वेळी वाटायचं, अ‍ॅम्प छोटा पडतोय, मोठा घेतला की झालं. मग मोठा घेतला. लोकलच्या लगेज डब्यात चढवता-उतरवता पाठीला फरक कळला, मांडवातल्या आवाजाला फारसा नाही. त्यानंतर थोडं वाचलं, थोडं साऊंडवाल्यांच्या मागे लागून शिकलो. तेव्हा समजलं की आवाज पुरत नाही याच्या कारणांमध्ये ‘वॉट कमी’ हे कारण बरंच खाली येतं. त्याच्या आधी बोर्डातली लाइट, नॉबची जागा, स्पीकरचा पडदा आणि अ‍ॅम्प ठेवण्याचा कोपरा हे सगळे उभे असतात.

बेस म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

मांडवात कुणी “दादा, बेस वाढव” म्हणून ओरडतो तेव्हा त्याला बेस गिटार नको असते. त्याला हवी असते छातीत बसणारी धडधड, म्हणजे सबवूफरमधून येणारा किकचा ठोका. ऑपरेटर तो वाढवतो आणि त्याच्याखाली बेस गिटार आणखी दबते. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, त्यात आपलं नुकसान होतं.

बेस गिटारचं काम ठोका आणि सूर यांना एकत्र बांधायचं. पंचमदांच्या, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळची गाणी जुन्या ट्रान्झिस्टरवर लावून बघा. तळहाताएवढा स्पीकर, तरी बेसची चाल गुणगुणता येते. खालचा सूर त्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नसतो, मग ऐकू काय येतं?

गिटारच्या चार तारा मोकळ्या छेडल्या तर जाडीपासून बारकीपर्यंत सेकंदाला साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनं होतात. पण ४१ च्या सुरासोबत त्याच्या दुपटीचा ८२, तिपटीचा १२४, चौपटीचा १६५ असे वरचे सूरही निघत असतात. मूळ सूर गाळला तरी या वरच्या सुरांमधल्या अंतरावरून मेंदू तो ओळखतो. बेस ‘ऐकू येणं’ हे असं बरंचसं वरच्या सुरांवर चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे नॉबपाशी कामाला येईल.

कान खालच्या सुरांना कंजूष

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. नंतर त्याची आंतरराष्ट्रीय मानकं ठरली. २००३ च्या मानकाप्रमाणे १००० कंपनांचा सूर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० कंपनांचा सूर सुमारे ८३ डेसिबलवर वाजावा लागतो. मधलं अंतर ४३ डेसिबलचं. शक्तीच्या हिशेबात ते जवळपास २० हजार पट होतं. बासरीवाल्यासमोर बेसवाला दुबळा का पडतो, ते यात आलं.

आवाज चढवत नेला की ही तफावत कमी होते. त्याच मानकात १००० कंपनांचा सूर ८० डेसिबलवर नेला, तर ४० कंपनांना सुमारे १०५ लागतात. तफावत २५ वर येते. म्हणून घरात हळू आवाजात, आईची झोप मोडू नये अशा बेताने लावलेलं सेटिंग मांडवात तसंच्या तसं चालत नाही. घरी गोड वाटावा म्हणून चढवलेला बास मांडवात नुसता घुमतो. सेटिंग लावायचं ते वाजवायच्या आवाजावरच. सराव करायला जागा नसेल तर कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचा.

वॉटचा हिशेब

शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो ‘थोडा वाढला’ एवढाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. ५० वॉटचा अ‍ॅम्प विकून १०० चा घेतलात तर पैसे दुप्पट गेले आणि पदरात पडले ३ डेसिबल.

हा हिशेब पहिल्यापासून सगळ्यांना नडला आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. पाठोपाठ १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला, १५ इंची एक स्पीकर आणि पंचविसेक वॉट. तेव्हाच्या छोट्या नाचघरांना तो पुरत असे. पुढे ड्रमवाले आणि गिटारवाले चढले, मैदानं मोठी झाली. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला तो ३०० वॉटचा, आणि त्याची पेटी दहा इंची आठ स्पीकरांची. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या दौऱ्यात तो वापरला. आता गंमत बघा. २५ वरून ३०० म्हणजे बारापट, पण नुसत्या वॉटमुळे मिळाले ११ डेसिबलसुद्धा नाहीत. बाकीची कमाल आठ पडद्यांची.

आधी बोर्ड बघा

हा भाग मी सगळ्यात लांबवणार आहे, कारण पुस्तकं आणि व्हिडिओ परदेशातले, तिकडे बोर्डात काय येतंय हा प्रश्नच पडत नाही. आपल्याकडे हळदीच्या रात्री एकाच डीपीवर मांडवाच्या माळा, हॅलोजन, कुलर, पाण्याची मोटर आणि साऊंड असतात. बोर्डात २३० व्होल्ट यायला हवेत. मीटर लावून पाहिलं तर आठच्या सुमारास १८० दिसणं मला नवीन नाही.

जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प असेल तर त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. तुमचा १०० वॉटचा अ‍ॅम्प त्या रात्री ६१ वॉटचा असतो. ऐकायला दोनच डेसिबलचा फरक, पण खरा तोटा पुढे आहे. अ‍ॅम्प लवकर फाटतो. म्हणजे जिथपर्यंत स्वच्छ वाजायचा त्याच्या आधीच आवाज चिरकतो, तुम्ही घाबरून मास्टर खाली आणता आणि मग खरोखरच ऐकू येत नाही. नवे हलके अ‍ॅम्प वेगळ्या प्रकारच्या पुरवठ्यावर चालतात. त्यांतले चांगले कमी व्होल्टेजलाही तग धरतात, पण ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की एकदम बंदच पडतात. मागच्या बाजूला किती व्होल्ट चालतील ते छापलेलं असतं, ते वाचून ठेवा.

यावर उपाय साधे आहेत. साऊंडची वायर मीटरजवळच्या बोर्डातून वेगळी ओढा, माळा आणि कुलर दुसऱ्या बोर्डावर द्या. एक्स्टेन्शन जाड तांब्याचं असू द्या. बारीक वायरीचं पन्नास फूट गुंडाळं वाटेतच व्होल्ट खातं, आणि गुंडाळी न उलगडता वापरली तर तापून वितळतेसुद्धा. जनरेटर असेल तर हॅलोजन आणि अ‍ॅम्प एकाच पिनेवर नकोत. शंभर-दीडशे रुपयांत सॉकेटमध्ये खोचायचं व्होल्टमीटर मिळतं. माझ्या बॅगेत गिटारच्या जादा तारांआधी ते असतं.

आता अर्थिंग. मांडवाच्या बोर्डात तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच याची खात्री नसते. अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्पमधून ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण येते. आपली लाइट सेकंदाला ५० वेळा फिरते, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ४९ कंपनांचा. त्यामुळे ही गुणगुण थेट आपल्या सुरांत मिसळते आणि सगळं गढूळ करते. आवाज वाढवावा तर गुणगुणही वाढते.

गुणगुणीचं एक वेळ सोसेल, शॉकचं सोसणार नाही. गिटारचा अ‍ॅम्प एका बोर्डावर, माइकचा मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन्हींची अर्थिंग सारखी नसली तर तारेवर हात आणि माइकला ओठ लागताच शॉक बसतो. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी हा शॉक जीवही घेऊ शकतो. मला एकदा ओठाला चटका बसला, दोन दिवस भाकरी तिखटाशी खाता आली नाही, आणि एवढ्यावरच निभावलं हे नशीब. गाणं सुरू व्हायच्या आधी टेस्टर माइकच्या जाळीला लावून बघा. पेटला तर दुरुस्त होईपर्यंत वाजवायचं नाही, यजमान कितीही घाई करोत. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. तेवढं कधीही करू नका. वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवलेला एक बोर्ड करून घ्या आणि तोच सगळीकडे न्या.

गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत

इथे लवकर आटपू. गिटार अ‍ॅक्टिव्ह असेल तर तिच्या पोटात ९ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की आवाज बारीक होतो आणि फाटतो. पिन खोचलेली ठेवली तर न वाजवताही सेल संपत राहतो, म्हणून वाजवून झालं की पिन काढायची. अ‍ॅम्पवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह असं बटण असतं, ते १० ते १५ डेसिबल आवाज कापतं. साधी पॅसिव्ह गिटार लावून ते बटण दाबलेलं राहिलं, की आवाज कुठे गेला हे शोधण्यात अर्धी रात्र जाते.

तारा जुन्या झाल्या असतील तर बदला. भातसेच्या काठच्या दमट हवेत आणि घामाने त्या लवकर गंजतात आणि वरचे सूर आधी मरतात. पावसाळ्यानंतर नॉब खरखरत असतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फवारायचा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो.

गेन आणि मास्टर यांतला फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. गेन म्हणजे गिटारमधून अ‍ॅम्पने किती घ्यायचं, मास्टर म्हणजे स्पीकरकडे किती सोडायचं. सगळ्यात जोरात तार मारा आणि लाल दिवा जेमतेम लुकलुकेपर्यंत गेन चढवा. मग मास्टर. गेन दोनवर ठेवून मास्टर दहावर नेणारा वादक स्वतःच्या अ‍ॅम्पचा अर्धा आवाज स्वतःच अडवून बसलेला असतो.

नॉब : मधल्यांना मान द्या

दुकानात एकट्याने गिटार लावून पाहिली की बास चढवलेला, ट्रेबल चढवलेला आणि मधला उतरवलेला आवाज फार भारी वाटतो. इक्वलायझरच्या दांड्या हसऱ्या तोंडासारख्या दिसतात. मांडवात हेच हसू गळ्याशी येतं. सगळ्यात खाली किक आणि ढोलकीचा डग्गा बसलेला, वर झांज आणि बेंजो. तुम्ही नेमकी मधली, तुमची हक्काची जागा सोडून दिलेली.

करून बघा. सगळे नॉब बाराच्या काट्यावर आणा. ऑक्टोपॅडवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला वाजवायला सांगा. आता आवाज न वाढवता मधला नॉब हळूहळू उजवीकडे फिरवा. मधले दोन असतील तर खालचा, म्हणजे २५० ते ८०० कंपनांच्या पट्ट्यातला. एका ठिकाणी बेस एकदम पुढे येऊन उभी राहील, कुणी पडद्यामागून आत यावं तशी. एकट्याने ऐकलात तर हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. वाटू द्या, सगळ्यांसोबत तो बरोबर बसतो. मूळ सूर मेंदू वरच्या सुरांवरून ओळखतो हे वर आलंच. तुम्ही फक्त त्याला ओळखायला सामान देताय.

खालचा बास नॉब चढवणं किती महाग पडतं याचाही हिशेब आहे. १२ डेसिबलने चढवला तर त्या सुरांसाठी अ‍ॅम्पला सोळापट शक्ती लागते. जिथे ५ वॉट पुरत होते तिथे ८० मागता. ही सगळी शक्ती जो सूर तुमचा स्पीकर धड वाजवूही शकत नाही त्याच्यावर खर्च होते. अ‍ॅम्पवर हाय-पास किंवा लो-कट असं बटण असेल तर ते ३०-४० कंपनांवर लावा. त्याखाली आपल्या कामाचं काही नाही, नुसता पडदा हलतो.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. कीबोर्डवाल्याला डावा हात उचलायला सांगा. दोन जण एकच खालचा सूर वाजवत असतील तर दोघेही ऐकू येत नाहीत. सांगायला मात्र धीर लागतो, कारण कीबोर्डवाला बहुतेक वेळा पार्टीचा मालक असतो.

पडदा किती मोठा

खालचा सूर काढायला हवा ढकलावी लागते. सूर एका सप्तकाने खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट आत-बाहेर व्हावं लागतं. छोटा पडदा तेवढा हलू शकत नाही. मग एकतर तो फटफटतो, नाहीतर कॉईल जळते. म्हणून पडद्याचं क्षेत्रफळ वॉटइतकंच, माझ्या मते वॉटपेक्षा जास्त, महत्त्वाचं.

नुसत्या मापावरून ढोबळ हिशेब केला तर ८ इंची स्पीकरचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच, १० इंचीचं ७८.५, १२ इंचीचं ११३, १५ इंचीचं १७७. दहा इंची चार स्पीकरांची पेटी ३१४ चौरस इंचांची होते, म्हणजे एका पंधरा इंचीच्या पावणेदोन पट. आठ इंची सरावाच्या अ‍ॅम्पवर मांडव गाजवायचा विचार सोडून द्या. तो घरातल्या खोलीसाठी केलेला असतो आणि तिथे उत्तम चालतो.

स्पीकर घेताना वॉटशेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल. तो ९३ आणि ९९ असलेले दोन स्पीकर समोर ठेवले तर फरक सहाचा. ९९ वाल्याला १०० वॉट दिले की जेवढा आवाज येतो, तेवढा ९३ वाल्यातून काढायला ४०० वॉट लागतील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत हा आकडा विचारला की दुकानदार आधी चमकतो, मग आतून दुसरा माल काढतो.

दुसरी पेटी जोडायची असेल तर ओहम पाहा. आठ ओहमच्या दोन पेट्या शेजारी-शेजारी जोडल्या की चार ओहम होतात, आठ आणि चार जोडल्या तर २.६७. अ‍ॅम्पच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर दुसरी जोडी त्याला मारेल. चार ओहमवर बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जास्त शक्ती देतात. दुप्पट पडदे आणि वाढलेली शक्ती मिळून सहा डेसिबलच्या आसपास कमाई होते. मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा दुसरी पेटी घ्या असं मी म्हणतो ते यामुळे. पेटीला जोडायला मात्र स्पीकरचीच दोन तारांची जाड वायर हवी. गिटारची वायर दिसायला तशीच असते, आतून केसाएवढी. ती तापते आणि अ‍ॅम्पही घेऊन जाते.

भोंग्याचंही सांगून टाकतो. भोंगा पार नदीपलीकडे ऐकू जातो, मग बेसही त्यातच सोडू, असं कुणी तरी दर वर्षी सुचवतं. भोंगा माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो. दोन-तीनशे कंपनांच्या खालचं त्यातून निघत नाही आणि आतला पडदा फाटतो.

ठेवायचा कुठे

मोकळ्या शेतात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. अ‍ॅम्पपासून एका मीटरवर जो आवाज आहे तो सोळा मीटरवर २४ डेसिबलने कमी. हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात, कापडी मांडवात तो कापडातून निघून जातो. हॉलमध्ये दणदणीत वाजलेला अ‍ॅम्प मांडवात मुका झाला तर त्याचा दोष नाही.

घराची पक्की भिंत असेल तर अ‍ॅम्प तिला लागून ठेवा. जमीन आणि भिंत यांच्या आधाराने खालचे सूर वाढतात, एका भिंतीने सहा डेसिबलपर्यंत, कोपऱ्यात त्याहून जास्त. हॉलमध्ये मात्र कोपरा घुमतो, तिथे फूट-दोन फूट पुढे ओढा. लाकडी फळ्यांच्या स्टेजवर अ‍ॅम्प थेट ठेवला तर अख्खं स्टेज ढोलासारखं बोलतं. खाली जाड फोम नाहीतर घडी घातलेलं घोंगडं टाका.

वादकांमध्ये एक समज पक्का आहे. खालच्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते (हे खरं आहे, ४१ कंपनांना ८.३ मीटर), म्हणून ती आठ मीटर गेल्यावरच ‘तयार’ होते आणि जवळच्याला ऐकू येत नाही. यातला दुसरा भाग चूक. हेडफोनमध्ये बेस ऐकू येते, तिथे कुठे आहेत आठ मीटर? जवळ ऐकू येत नाही कारण अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि त्याचे वरचे सूर सरळ रेषेत तुमच्या पोटऱ्यांवर आदळतात. कान असतात साडेपाच फुटांवर. खाली वीट लावून अ‍ॅम्प मागे कलता करा किंवा खुर्चीवर ठेवा. तुम्हाला ऐकू आलं की तुम्ही मास्टर उगाच चढवणार नाही आणि पहिल्या रांगेतल्या आजींचे कानही वाचतील.

लाइन मिक्सरला द्या

दोनशे माणसांच्या वर गर्दी असेल तर अ‍ॅम्पने गर्दीला ऐकवायचा हट्ट सोडा. अ‍ॅम्प तुमच्यासाठी आणि शेजारच्या वादकांसाठी, गर्दीसाठी साऊंडवाल्याचे मोठे स्पीकर आहेत. बहुतेक बेस अ‍ॅम्पच्या मागे तीन पिनांचं ‘डीआय आउट’ असतं. तिथून मिक्सरला वायर गेली की काम झालं. नसेल तर डीआय बॉक्स मिळतो, हातात मावणारी लोखंडी डबी. गिटारचा नाजूक सिग्नल शंभर फूट वायरीतून गुणगुण न घेता नेणं हे तिचं काम. तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असा खटका असतो. गुणगुण आली तर तो दाबा. तो फक्त सिग्नलची अर्थिंग सोडवतो, जीव वाचवणारी नाही.

साऊंडवाल्याशी आधी बोलून घ्या. बेंजो पार्टीच्या टेम्पोवर चॅनल मोजकेच असतात आणि बेससाठी एक राखलेला नसतो. मिक्सरवर बेसला शंभर कंपनांच्या आसपास थोडी जागा दे आणि किक साठाच्या खाली ठेव, एवढं सांगितलं तरी चांगला ऑपरेटर समजतो. न समजणाऱ्याला चहा पाजून पुन्हा सांगावं.

किती पुरे?

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने ठरवलेली मर्यादा अशी : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपली हळद चार तास चालते. फोमचे कानबोळे दहा-वीस रुपयांत मिळतात. ते घालून वाजवायला मी लाजत असे, आता कानात कायमची शिट्टी वाजते तेव्हा लाजत नाही.

कायदा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान शंभर मीटरचं, सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणा-उत्सवांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं. घरची हळद त्यात आपोआप बसत नाही.

यात बेसवाल्याने ध्यानात घ्यायची एक गोष्ट आहे. हे मोजमाप ‘ए’ पद्धतीने होतं, म्हणजे कानाच्या कंजूषपणाची नक्कल करून. त्यात ४० कंपनांच्या सुरातून जवळपास ३५ डेसिबल वजा होतात. मीटरला तुमची बेस फारशी दिसत नाही. शेजारच्या घरातल्या पत्र्याला, मांडणीतल्या भांड्यांना आणि बाळंतिणीला मात्र ती पुरेपूर लागते, कारण खालचे सूर भिंतीतून सहज आरपार जातात. मीटर गप्प आहे म्हणून आपण नियमात आहोत असं समजू नये. पूर्वी याच भागात हळदीची रात्र लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारणीच्या मोकळ्या गळ्याने सरायची आणि ती अख्ख्या आळीला ऐकू जायची, हेही आठवून बघा.

दहाला बंद करायचं म्हणजे दहालाच. बंद करताना आधी मास्टर शून्यावर, मग स्विच, त्यानंतर गिटारची पिन. उलट्या क्रमाने केलंत तर जो धप्पकन आवाज होतो, तेवढ्यात कॉईल जाते.